बादशहाच्या आईचं जहाज गोव्यात

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे. शाळेत 'इतिहासातील राणी' या विषयावर भाषणस्पर्धा आहे आणि तिला अकबराची जोधाबाई घ्यायची आहे. सासूबाई म्हणतात, आग्र्याची राणी कशाला, गोव्याशी संबंध असलेली कुणीतरी घे. जोधाबाईचा गोव्याशी काही संबंध येतो का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : येतो, आणि चांगलाच येतो. सासूबाईंचा हट्ट आणि मुलीची आवड, दोन्ही राखता येतील.

आधी नावाचं उरकून घेऊ. अकबराच्या काळातल्या ग्रंथांत या राणीला जोधाबाई म्हटलेलं नाही. ती आमेरच्या राजा भारमलची मुलगी. 1562 साली सांभर इथे लग्न झालं, 1569 साली सलीम म्हणजे पुढचा जहांगीर जन्मला आणि तिला मरियम-उझ-जमानी हा किताब मिळाला. जोधपूरची राजकन्या होती ती जहांगीरची बायको, शाहजहानची आई. भाषणांत या सासू-सुनेची नेहमी गल्लत होते.

सिनेमामुळे आपल्या डोळ्यांपुढे तिचं लग्नच येतं. मला ती मोठी वाटते ती उतारवयातली, स्वतःची जहाजं समुद्रात धाडणारी. आग्र्याजवळच्या बयान्याची नीळ विकत घ्यायला तिचे गुमास्ते जात, आणि तिथे एका इंग्रज व्यापाऱ्याने चढा भाव देऊन माल उचलला, तेव्हा आग्र्यातल्या इंग्रजांना तिचा रोष भोवला. तिचं 'रहिमी' हे अवाढव्य जहाज सुरतेहून तांबड्या समुद्रात जाई. माल असे, हजचे यात्रेकरूही असत.

आता गोवा. समुद्रावर फिरायला पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ लागे. मुघल घराण्यालाही तो चुकला नव्हता. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा त्यापायी तीही सुरतेत अडकून पडली होती. मरियम-उझ-जमानीच्या जहाजाकडे मात्र 1613 साली रीतसर कार्ताझ होता. तरीही सप्टेंबरात पोर्तुगीजांनी रहिमी सुरतेजवळ धरलं आणि माल-माणसांसकट गोव्याला आणलं. इंग्रज व्यापारी माणसांचा आकडा 700च्या आसपास देतात. आदल्याच वर्षी इंग्रजांनी सुरतेजवळच्या सुवाळीला पोर्तुगीज आरमाराचा पराभव केला होता आणि सुरतेत पाय रोवला होता. त्याचा राग या जहाजावर निघाला. तेव्हा गोव्यात व्हाइसरॉय होता जेरोनिमो द आझेवेदो. स्वतःच पैसे घेऊन दिलेला परवाना पायदळी तुडवणं हा निव्वळ दगा होता, असंच माझं मत आहे. मुलीनेही ते तितक्याच स्पष्टपणे म्हणावं.

जहांगीर आईला फार मानत असे. त्याच्या तुलादानाचे, म्हणजे सोन्या-चांदीने तोलण्याचे सोहळे तिच्या महालात होत. त्याने सुरतेतला पोर्तुगीजांचा व्यापार बंद पाडला, आग्र्यातल्या जेज्वीत या ख्रिस्ती धर्मसंघाच्या पाद्रींचं चर्च बंद करवलं, त्यांचे तनखे तोडले आणि आपला सरदार मुकर्रब खान याला पोर्तुगीजांच्या दमणवर पाठवलं. दरबारातले पाद्री जेरोनिमो शाव्हिएर हे आपल्या जुन्या गोव्यातल्या बॉ जेझूस बासिलिकेत ज्यांचं शव आहे, त्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नात्यातले. वर्षानुवर्षं बादशहाच्या मर्जीतले हे गृहस्थही या भांडणात भरडले गेले. पुढे तहाच्या बोलण्यांत ते होते, आणि 1617 साली गोव्यातच वारले. मुघल-पोर्तुगीज तह झाला 1615 मध्ये, पण तोवर इंग्रजांचं सुरतेत चांगलं बस्तान बसलं होतं. त्याच वर्षी सर टॉमस रो त्यांचा वकील, म्हणजे राजदूत म्हणून आला.

आपल्याकडे पोर्तुगीज अमलाची गोष्ट सांगताना नजर सासष्टी-बारदेशच्या वेशीबाहेर सहसा जात नाही. एका बाईच्या जहाजावरून गोव्याच्या व्हाइसरॉयला दिल्लीपतीशी वैर घ्यावं लागलं, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मुलीला सांगा, लग्नावर दोन वाक्यं पुरेत, रहिमीवर निम्मा वेळ द्यावा. सोबत नकाशा नेला तर सुरत, दमण आणि गोवा दाखवता येतील. शेवटी 1623 साली ती वारली आणि सिकंदऱ्याला अकबराच्या कबरीजवळच तिची कबर आहे, एवढं सांगून थांबावं. 'जोधाबाई का म्हटलं नाहीस?' असं परीक्षकांनी विचारलंच, तर वरचं उत्तर तिच्याकडे तयार असू दे.