जुळ्यातली कालवड ठेवू का विकू?

प्रश्न : आमची एचएफ संकरित गाय तिसऱ्या वेताला आठ दिवस आधीच व्यायली. जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवड दिसायला देखणी आहे, पण शेजारी म्हणतात की जुळ्यातली कालवड वांझ निघते, आताच विकून टाका. हे खरं आहे का? गायीची वार दीड दिवस पडली नव्हती. शेवटी सासऱ्यांनी ओढून काढली. आता वीस दिवस झालेत, बसली की घाण वास येणारा पांढरट स्राव पडतो. माजावर आली तर भरवावी का? – एक वाचक भगिनी, राहुरी तालुका

उत्तर : ताई, गायीचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मी तिच्यापासूनच सुरुवात करतो. कालवड चार दिवस थांबू शकते, गाय नाही.

जुळ्याला दिवस कमी भरतात आणि वार अडकण्याचं प्रमाणही जास्त असतं. वार एरवी बारा तासांच्या आत पडते. चोवीस तास उलटले की ती अडकली असं समजून डॉक्टरांना बोलवावं. ओढू नये, लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधू नये. वार गर्भाशयाला बटणांसारखी जागोजागी चिकटलेली असते. ओढली की आतलं अस्तर सोलवटतं, तुकडे मागे राहतात आणि तिथेच पू धरतो. सासऱ्यांना बोल लावू नका, गावोगाव हेच चालत आलंय. पण पुढच्या वेळी हात लावू देऊ नका.

तुम्ही लिहिलेला स्राव गर्भाशयात पू असल्याचा आहे. उद्याच तपासणी करून घ्या. ताप १०३ अंशांच्या वर असेल किंवा तिने खाणं सोडलं असेल, तर उद्याचीही वाट पाहू नका. व्यायल्यावर गर्भाशय नऊ-दहा किलोचं असतं, ते आक्रसून किलोभराच्या आत यायला निरोगी गायीलाही सव्वा महिना लागतो. त्यामुळे आता माज दिसला तरी भरवू नका, तारीख तेवढी लिहून ठेवा. सोट, म्हणजे माजावर पडणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ दिसायला हवा आणि व्यायल्यापासून किमान दोन महिने व्हायला हवेत. तुमच्या गायीला मी अडीच महिने देईन. पुन्हा गाभण राहिली की दीड-दोन महिन्यांनी सोनोग्राफी करा. एकदा जुळं देणारी गाय पुन्हा देण्याची शक्यता जास्त असते, आणि आधी कळलं तर तिचं दूध लवकर आटवून शेवटच्या महिन्यात खुराक सांभाळता येतो.

आता कालवड. शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. दोन्ही कालवडी असत्या तर काळजी नव्हती. सोबत गोऱ्हा असला की शंभरातल्या नव्वदहून अधिक कालवडी वांझ निघतात. पोटात दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याचे संप्रेरक कालवडीच्या रक्तात उतरतात आणि तिचं गर्भाशय, बीजांडकोश नीट घडतच नाहीत. अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात.

पण अंदाजावर विकू नका. महिन्याच्या आत डॉक्टर गुळगुळीत, निर्जंतुक नळी वंगण लावून योनिमार्गात हलकेच घालून पाहतात. चांगल्या कालवडीत ती साधारण १३ ते १५ सेंटीमीटर आत जाते, फ्रीमार्टिनमध्ये ५ ते ८ सेंटीमीटरवरच अडते. हे घरी करू नका, नाजूक जागा आहे, फाटते. शंका उरलीच तर रक्ततपासणीत गोऱ्ह्याच्या पेशी सापडतात का ते कळतं.

वांझ ठरली आणि विकायची झाली, तर घेणाऱ्याला सांगूनच विका. एका विधवा बाईंनी बाजारातून अशीच देखणी कालवड आणली होती. अडीच वर्षं पेंड, मुरघास, खनिज मिश्रण, वर माजावर येण्याची औषधं. मी तपासायला हात घातला, तर गर्भाशयाच्या जागी दोरीसारखं काहीतरी बोटांना लागलं. हात बाहेर काढेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. विकणाऱ्याने ‘जुळ्यातली आहे’ एवढं सांगितलं असतं, तर त्यांनी ती आणलीच नसती.