आधी घोटा, मग राजीनामा

ऐरोलीच्या एका वाचक ताईंचं पत्र. वय 43. तीन वर्षांपूर्वी ठाणे स्टेशनच्या जिन्यावर उजवा पाय मुरगळला, तेव्हापासून घोटा दुखतो, चालताना मधूनच लचकतो. फिजिओच्या आठ बैठका केल्या आणि सोडून दिल्या. डॉक्टर लिगामेंटचं ऑपरेशन सुचवतात, खर्च 2 लाख 80 हजार. मार्चअखेर नोकरी सोडून पोळी-भाजी केंद्र काढायचं, म्हणून ऑपरेशन एप्रिलमध्ये ‘निवांत’. प्रश्न असा, की एफडी मोडू की बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी सरेंडर करू? कंपनीचा 5 लाखांचा मेडिक्लेम सुटेल. पण एजंट म्हणतो, नवीन काढून देतो, घोट्याचं लिहू नका.

ताई, एफडी राहू दे बाजूला. हा ‘निवांत’ तुम्हाला केवढ्याला पडतोय ते बघा. एप्रिलमध्ये 2 लाख 80 हजार खिशातून. अशा ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे प्लास्टर किंवा बूट, मग व्यायाम. म्हणजे तीन महिने केंद्र बंदच. घरखर्चातला तुमचा वाटा 40 हजार धरला तर आणखी 1 लाख 20 हजार. झाले चार लाख. हेच नोकरीत असताना केलंत तर आजारपणाची रजा आहे, मेडिक्लेम आहे. खोलीभाड्याची मर्यादा आणि बिलातल्या ज्या वस्तूंचे पैसे विमा कंपनी देत नाही त्या धरून 40-50 हजार तुमचे जातील.

आता एजंट. लपवलेला आजार उघड झाला की क्लेम गेला, आणि तेव्हा हे गृहस्थ फोन उचलणार नाहीत. तीन वर्षांचे कागद तुमच्या फाइलीत आहेत, लपणार काय? खरं लिहून स्वतःची पॉलिसी आजच घ्या. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा (म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ) 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे, पूर्वी 48 होती. तुम्ही नोकरीत असतानाच ते महिने मोजायला लागू देत. शिवाय कंपनीच्या पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे एचआरला लेखी विचारा. राजीनाम्याआधी.

ऑपरेशन करावं का, हे सांगणारा मी कोण? पण आठ बैठका म्हणजे प्रयत्न नव्हे. दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: तीन महिने नेमाने व्यायाम केला तर घोटा सावरेल का, आणि या पायाला रोज आठ तास तव्यापुढे उभं राहणं झेपेल का? 600 रुपयांच्या 36 बैठका म्हणजे 22 हजारांच्या आत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर केंद्राचा विचारच नव्याने करावा लागेल. (दुसऱ्या महिन्यापासून 50 हजार नफा, हेही तुम्हीच लिहिलंय. गाळ्याचं भाडं आणि दोन बायकांचा पगार देऊन? पहिलं वर्ष शून्य धरा.)

बँकेची पॉलिसी: ‘एफडीसारखीच’ म्हणून विकलेली, पाच वर्षांत अडीच लाख भरले, आज 1 लाख 60 हजार मिळतात. ऑपरेशनसाठी तिला हात लावायची गरजच उरत नाही. पुढचा हप्ता थांबवून पेड-अप केली, म्हणजे आणखी न भरता कमी रकमेवर चालू ठेवली, तर मुदतीला किती मिळेल, तो आकडा शाखेतून लेखी घ्या आणि मला कळवा. तोवर राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच असू दे.