फूट, मीटर की कोस?

प्रश्न: आम्ही पाच जण रविवारी परळला मित्राकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा मिळून गोष्ट रचायचा खेळ खेळतो, डीएम (गोष्ट चालवणारा) मी. नवीन कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) सतराव्या शतकातल्या कोकणात आहे. रूलबुकात सगळं फूट, मैल, पाउंड. दोघं म्हणतात मीटर-किलो कर, एकाला कोस-शेरच पाहिजेत. काय ठेवू?

उत्तर: लढाईत फूटच राहू द्या. मुंबईत घराचा विषय निघाला की आपण फुटातच बोलतो, दहा बाय दहाची खोली म्हटलं की कॉट कुठे, मोरी कुठे सगळं डोळ्यासमोर येतं. ग्रिडचा, म्हणजे लढाईच्या चौकटींच्या नकाशाचा, एक चौकोन पाच फुटांचा, म्हणजे ती अख्खी खोली फक्त चार चौकोन, आणि फायरबॉल या आगीच्या मंत्राची त्रिज्या २० फूट म्हणजे आरपार ४०, अशा ओळीने चार खोल्या एका फटक्यात गेल्या! हे प्लेअर्सना सांगा, मग वाड्यात फायरबॉल टाकताना विझार्ड (जादूगार) दहा वेळा विचार करेल. मीटरमध्येही चालतं, युरोपातल्या भाषांतरांत चौकोन दीड मीटरचा आणि एका पाळीतली ३० फुटांची चाल ९ मीटर धरतात, फक्त कॅल्क्युलेटर काढून ९.१४४ करत बसू नका प्लीज, चौकोन मोजा.

किलोवाल्यांचं मात्र ऐका, पाउंड आपल्याला हाताला लागतच नाही. चेन मेल (कड्यांचं चिलखत) ५५ पाउंडचं, म्हणजे २५ किलोची तांदळाची गोणी अंगावर घेऊन घाट चढायचा, हे सगळ्यांना लगेच कळतं. पण किलो प्लेअरच्या पात्राच्या शीटवरच ठेवा. मीटर, किलो हे सगळं फ्रान्समध्ये १७९०च्या दशकात ठरलं, तुमच्या गावकऱ्याच्या तोंडी ते येणार कुठून? बाजारात तो शेर आणि पायलीच बोलणार.

आणि प्रवासाला कोस, यात मला तरी शंका नाही. कोस म्हणजे ढोबळ दोन मैल, पण मुलुखागणिक कमीजास्त, आणि डीएमला तेच तर हवं असतं, कारण वाटेत कुणी "हे काय, दोन कोसावर" म्हणालं तर ते खरंच किती हे तुम्ही ठरवायचं. रूलप्रमाणे दिवसाची साधी चाल २४ मैल म्हणजे बारा कोस, अवघड वाटेवर निम्मी, म्हणजे घाटात सहाच. वेळेचा हिशोब लागला तर सपाटीला कोसाला चाळीस मिनिटं धरा, घाटात दुप्पट, आणि एवढं डीएम स्क्रीनच्या (तुमच्या समोरच्या आडोशाच्या) आतल्या बाजूला लिहून ठेवा.