व्याह्यांच्या हातातला फोन

प्रश्न : मृग तोंडावर आला, बियाण्या-खताची सोय लावायची होती. घरच्यांची पोत गहाण ठेवावी म्हणून मोबाइलवर सोनेतारणाचं व्याज पाहिलं. एका ठिकाणी नाव, नंबर अन् किती ग्रॅम तेही भरलं. ही गोष्ट आम्हा नवराबायकोलाच ठाऊक. चार दिवसांनी व्याही आले. घरी ठेवलेल्या कापसाचा भाव दाखवायला फोन त्यांच्या हाती दिला, तर भावाच्या डोक्यावरच सोनं गहाण ठेवायची जाहिरात! व्याही काही बोलले नाहीत, चहा पिऊन गेले. पोरगा पुण्याहून म्हणतो, बाबा, इनकॉग्निटो वापरा. पण त्याच्याही फोनवर त्याच जाहिराती येऊन राहिल्या. फोन आपलं बोलणं ऐकते का?
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ (नाव छापू नये)

उत्तर : नाव छापत नाही, दादा. पण ज्या फॉर्मवर तुम्ही नाव, नंबर आणि ग्रॅम लिहून दिले, तिथे ‘छापू नये’ म्हणायला जागाच नसते.

फोन ऐकतो का, हे माझ्या ऑनलाइनच्या दुकानात दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. ऐकायची गरज कशाला पडते? तुम्ही स्वतःच्या बोटांनी टाइप करून दिलंत. बाजार समितीत व्यापारी आपल्या पोत्यावर खूण करून ठेवतो. पोतं कुठेही पडलेलं असो, त्याचा हमाल ओळखतो. व्याजदराच्या पानावर जाहिरात कंपनीचा एक तुकडा बसलेला असतो, तो तुमच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे वेबसाइट उघडायच्या क्रोमसारख्या ॲपमध्ये, अशीच खूण ठेवतो. तिला कुकी म्हणतात. कापसाच्या भावाच्या पानावरही त्याच कंपनीचा तुकडा होता, त्याने खूण ओळखली. कुकी मुळात वाईट नाही. 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ती काढली ती वेबसाइटला गिऱ्हाईक लक्षात राहावं म्हणून. दुसऱ्याच्या पानावर बसून खुणा करणारे नंतर आले.

मीही पोळलोय. दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकदा केस गळण्यावरचं तेल पाहिलं. पुढे पंधरा दिवस, बातम्यांचं पान उघडं असलं की सातबारा काढायला आलेला माणूस आधी स्क्रीनकडे बघायचा, मग माझ्या टकलाकडे.

पोराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इनकॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी. ती बंद केली की त्या वेळच्या खुणा आणि हिस्ट्री फोनवरून जाते. पण ज्या वेबसाइटवर गेलात तिला तुम्ही दिसताच, सिमकार्डवाल्या कंपनीलाही वेबसाइटचं नाव कळतं. याच गैरसमजावरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि 2024 मध्ये तडजोडीत जुन्या नोंदी नष्ट करायचं कंपनीने कबूल केलं. आणि इनकॉग्निटोत बसून नंबर भरला, तर तो गेलाच.

आता करायचं काय? क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘साइट सेटिंग्ज’मध्ये जा आणि थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे दुसऱ्याच्या पानावर बसून केलेल्या त्या खुणा, बंद करा. गूगल त्या स्वतःच काढून टाकणार होतं, 2020 पासून सांगत होतं, मग 2024 मध्ये माघार घेतली. तेव्हा हे बटण आपणच दाबायचं. मी स्वतः फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर वापरतो, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाकलंय. फुकट आहे, आणि भावाचं पान लवकर उघडतं, डेटाही कमी जातो. ॲपसाठी खूण वेगळी असते: फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, तिथे ‘ॲड्स’, आणि ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी’ डिलीट करा. इंटरनेटवरचा आपला पत्ता झाकणाऱ्या व्हीपीएनवर पैसे घालू नका. तुमचं दुखणं ते नाही.

तो नंबर मात्र परत येत नाही. फोन येत असतील तर 1909 वर डीएनडी, म्हणजे ‘जाहिरातीचे फोन नकोत’, असं नोंदवा, थोडा फरक पडेल. पुढच्या वेळी व्याज नुसतं वाचा, फॉर्म भरू नका. दर विचारायला बँकेच्या शाखेत जा. तिथे निदान समोरच्याचं तोंड दिसतं.

राहिलं पोराच्या फोनचं. तुमचा फोन नवा घेतला तेव्हा त्याने आपलंच जीमेल त्यात टाकून दिलं असणार. निम्मी घरं असंच करतात. खातं एक, म्हणून जाहिरातीही दोन्हीकडे. एवढंच नाही, ‘माय ॲक्टिव्हिटी’ ही गूगल खात्यातली शोधांची यादी उघडली तर तुम्ही काय शोधलं ते त्याला दिसू शकतं आणि त्याने काय शोधलं ते तुम्हाला. पोरगा पोळ्याला घरी आला की स्वतःचं वेगळं खातं काढून घ्या. तोवर ती यादी उघडून बघू नका.