वाचक विचारतात : फुटबॉलच्या देशात क्रिकेट

प्रश्न : पुतण्या लिस्बनजवळ नोकरीला आहे. दहा-बारा गोमंतकीय मुलांना तिथं क्रिकेट सुरू करायचंय. नगरपालिका फुटबॉलचं मैदान रविवारी द्यायला तयार आहे. इथून काथ्याची मॅट पाठवली तर चालेल का? – एक वाचक, म्हापसा

मॅटच्या आधी मैदान कसलं आहे ते विचारा. कृत्रिम हिरवळ असेल तर नाद सोडा. तिच्यात बहुधा रबराचे दाणे भरलेले असतात, चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही आणि खिळे ठोकू द्यायला कुणी धजणार नाही. खऱ्या गवताचंही जमणं कठीण. फुटबॉलला मऊ, पाणी मुरणारी जमीन हवी, तर पीचला दाबून टणक केलेली. पोर्तुगालात छोट्या गावांतून मातीची जुनी फुटबॉल मैदानं असतात, त्यांना ‘पेलादो’ म्हणतात. पुतण्याला ते मागायला सांगा.

मात्र तिथं लेदर बॉल नको. मोठं फुटबॉल मैदान 105 × 68 मीटर असतं. पीच लांबीच्या दिशेनं मधोमध घेतलं तरी बाजूची सीमा 34 मीटरवरच येते आणि पुल मारला की चेंडू रस्त्यावर. एक काच फुटली की परवानगी गेली. टेनिस बॉलवर भागवा.

पाया 25 मीटर लांब, 3 मीटर रुंद घ्या. स्टंपांमधलं अंतर 20.12 मीटर, उरलेली जागा गोलंदाजाच्या पावलांसाठी. 15 सेंटिमीटर खोदून खाली 10 सेंटिमीटर खडी आणि वर 5 सेंटिमीटर दगडाची भुकटी. हिशेब 7.5 आणि 3.75 घनमीटर येतो, पण रोलरखाली माल बसतो, म्हणून पाऊणपट नव्हे, सव्वापट मागवा. भुकटी ओलसर असतानाच रोलर फिरवा. कोरडी दाबली तर वरून घट्ट दिसते आणि पहिल्या महिन्यातच टप्प्याच्या जागी खड्डा पडतो. उतार फक्त आडवा द्या, 3 मीटरला 3 सेंटिमीटर. हे काम मार्चअखेर करा, कारण तिथला पाऊस हिवाळ्यात असतो आणि उन्हाळा कोरडा.

काथ्याची मॅट जड असते, तेव्हा दोन तुकड्यांत पाठवा. जोड बरोबर मध्यावर येऊ द्या. तिथून दोन्ही स्टंप दहा-दहा मीटरवर राहतात, म्हणजे जोडावर फक्त आखूड चेंडू पडेल. एक टोक पक्कं करून दुसरं चार जणांनी ओढायचं, मग कडांना मधून टोकांकडे दर अर्ध्या मीटरला वॉशर घालून लांब खिळे. मॅट सैल राहिली की चेंडू पकड घेऊन वेडावाकडा वळतो. ताणली की उसळी वाढते, पण एकसारखी राहते. गोलंदाजाचं पुढचं पाऊल मॅटच्या कडेवर पडता कामा नये, घोटे तिथंच मुरगळतात. स्पाइक्स नकोत, रबरी तळव्याचे बूट घाला. ओली मॅट गुंडाळून ठेवाल तर पुढच्या मोसमात कुजलेली मिळेल.

प्रश्न : मुलगी पोलंडमध्ये शाळेत शिकवते. मुलं दोन दिवस क्रिकेट खेळतात, मग कंटाळतात. काय चुकतं? – एक वाचक, फोंडा

पहिल्या चेंडूवर बाद होऊन तासभर उभं राहायचं, हे नवख्या मुलाला का आवडावं? म्हणून जोड्यांचं क्रिकेट खेळवा. सहा-सहांचे दोन संघ, प्रत्येकी तीन जोड्या. प्रत्येक जोडी दोन षटकं खेळते. बाद झालं तर जायचं नाही, संघाच्या 5 धावा वजा. प्रत्येकाला एक षटक गोलंदाजी. दोन्ही डाव मिळून 12 षटकं होतात आणि शाळेच्या 45 मिनिटांच्या तासात बसतात, पण दोन गोष्टी पाळल्या तरच. गोलंदाजी एकाच टोकाकडून करायची, आणि वाइडच्या 2 धावा देऊन चेंडू पुन्हा टाकायचा नाही. नाहीतर एकेक षटक दहा चेंडूंचं होतं.

थंडीत मैदान मिळत नाही, पण हँडबॉलचं 40 × 20 मीटरचं कोर्ट असलेली व्यायामशाळा चालते. स्टंपांत 15-16 मीटर अंतर, स्प्रिंगचे स्टंप, मऊ चेंडू, भिंतीला थेट लागला तर 2 धावा. हँडबॉल खेळणारी मुलं झेल उत्तम घेतात, पण कोपर वाकवून फेकतात. त्यांना उभ्या जागेवरून, हात कानाजवळ सरळ धरून, दहा मीटरवर टाकायला लावा. पहिले दोन महिने फेकीसाठी नो-बॉल देऊ नका.

प्रश्न : इटली विश्वचषकापर्यंत पोहोचली. मग आपल्या मुलांचा संघ पोर्तुगालकडून का खेळू नये? – एक वाचक, मडगाव

खेळू शकतो. आयसीसीच्या नियमानुसार त्या देशात जन्म, त्या देशाचं नागरिकत्व किंवा सलग तीन वर्षांचं वास्तव्य, यांपैकी एक पुरतं. 1 जानेवारी 2019पासून सदस्य देशांच्या पुरुष संघांमधले टी-20 सामने आंतरराष्ट्रीयही धरले जातात. पण इटली 2026च्या टी-20 विश्वचषकासाठी पात्र ठरली तेव्हा तिचे बरेच खेळाडू परदेशांत वाढलेले इटालियन वंशाचे होते. तेवढ्यानं रोमच्या शाळांत बॅट पोहोचत नाही.

आम्हाला रवांडाचं उदाहरण जास्त पटतं. 1994च्या नरसंहारानंतर शेजारच्या देशांतून परतलेल्यांनी तिथं खेळ आणला, 2017मध्ये गहांगा मैदान झालं, आणि 2023च्या 19 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात रवांडानं झिंबाब्वे आणि वेस्ट इंडीजला हरवलं. त्यामुळे पुतण्याच्या मंडळींनी दुसऱ्याच मोसमात एखाद्या स्थानिक शारीरिक शिक्षकाला अंपायरिंग आणि स्कोअरिंग शिकवावं. रविवारच्या अकरांत निदान तीन पोर्तुगीज मुलं ठेवावीत, आणि त्यांना नऊ-दहा-अकरा क्रमांकावर पाठवून उपकार करू नयेत. घाईही करू नये. मडगावचे दिलीप सरदेसाई क्रिकेटपटू घडले ते मुंबईत, आणि मुक्तीनंतरही गोव्याला रणजी खेळायला 1985-86 उजाडलं.