थर्मल स्कोपचा (बंदुकीवर लावायच्या, उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या दुर्बिणीचा) मेनू सोपा करायचा तर सर्वात आधी काय बदलावं?

पॅलेट (चित्राची रंगसंगती), ब्राइटनेस, झूम आणि कॅलिब्रेशन (सेन्सरचं चित्र पुन्हा एकसारखं करणं) ही चार कामं मेनूतून काढून थेट बटणांवर द्या. बाकी सगळं नंतर. स्कोप वापरला जातो अंधारात, बरेचदा हातमोजे घालून आणि डोळा आयपीसला लावून. बटणं दिसत नाहीत, बोटांनी चाचपून ओळखावी लागतात. म्हणून प्रत्येकाचा उंचवटा वेगळा हवा आणि एका बटणाला दोनच अर्थ: नुसतं दाबणं आणि दाबून धरणं. मेनू उघडल्यावर यादी कडेला यावी, मागचं चित्र चालू राहावं. अक्षरं मंद लाल असावीत, कारण भगभगीत पांढऱ्या पडद्याने डोळ्यांची अंधाराची सवय मोडते आणि ती पूर्ण परत यायला २०-३० मिनिटं जातात. आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशनकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही: सेन्सरसमोर शटर येतं आणि चित्र क्षणभर गोठतं, नेमकं नको तेव्हा. आधी छोटी खूण दिसावी आणि एका दाबात ते पुढे ढकलता यावं. झिरोइंग, म्हणजे नेमाची खूण गोळी लागण्याच्या जागेशी जुळवणं, मात्र मुद्दाम मेनूच्या आतच ठेवा, बदल करण्यापूर्वी खात्री विचारा. ते चुकून हललं तर नेम चुकतो आणि कारण लवकर सापडत नाही.