कागदाच्या पट्टीवर ग्लुकोज

प्रश्न : बीएस्सीच्या प्रोजेक्टला स्वस्तातला ग्लुकोज सेन्सर करायचाय, मशीन काहीच नाही, जमेल का?

उत्तर : जमेल की! फिल्टर पेपरच्या बोटभर पट्ट्या काप, त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नि पेरॉक्सिडेज ही दोन एन्झाइमं आणि पोटॅशियम आयोडाइड यांचं द्रावण टाक नि सावलीत वाळव. पहिलं एन्झाइम ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, दुसरं ते वापरून आयोडाइडचं आयोडीन करतं, म्हणून पट्टी तपकिरी होते, ग्लुकोज जास्त तर रंग गडद. ठरावीक प्रमाणाच्या ग्लुकोज द्रावणांत बुडवलेल्या पट्ट्यांचे फोटो रंग ताडून बघायला आधी काढून ठेव, पण सगळे एकाच उजेडात हं, नाहीतर घोळ होतो. टेस्टला घरातली साखर घेऊ नकोस, ते सुक्रोज, पट्टी ढिम्म! मेडिकलमधली ग्लुकोज पावडर आण, फक्त व्हिटॅमिन सी नसलेली, ते आयोडीनचा रंगच घालवतं. आणि आजोबांची शुगर मात्र यावर मोजू नकोस, त्याला ग्लुकोमीटरच.